बीएस्सीला फिजिक्स घेतलंय? मग हे आधी वाचा

परवा मामेभावाचा फोन आला, "ताई, बीएस्सीला फिजिक्स घेतलं, आता काय करायचं?" मी म्हटलं बाबा हे ॲडमिशनच्या आधी विचारायचं असतं. पण मी तरी कुठं कुणाला विचारलं होतं. बारावीला पीसीएममध्ये बरे मार्क होते, इंजिनिअरिंगची फी घरच्यांना झेपणारी नव्हती, आणि शाळेत असताना अष्टविनायकाच्या सहलीत ओझर-लेण्याद्री करून येताना सरांनी गाडी खोडदला वळवून त्या मोठमोठ्या अँटेना दाखवल्या होत्या ते डोक्यात बसलेलं. एवढ्या भांडवलावर मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एफवायला बसले. तीन वर्षं तिथं, मग दोन वर्षं विद्यापीठात एमएस्सी, आणि आता पुण्यात एका कंपनीत लेन्स तपासायचं काम करते. त्याला फोनवर दीड तास सांगत बसले, शेवटी त्याचा फोन बंद पडला, मग म्हटलं लिहूनच काढू.

आधीच सांगते, मी टॉपर वगैरे नव्हते. बीएस्सीला ७८ टक्के पडले, गावात पेढे वाटले, आणि त्याच वर्षी जॅमचा, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर दिला तर साठ प्रश्नांतले जेमतेम बारा धड सुटले. घरी कुणाला कळेना की ७८ टक्केवाली मुलगी नापास झाल्यासारखं तोंड करून का बसलीय. त्या ७८ आणि त्या १२ च्या मध्ये जो खड्डा आहे ना, तो एफवायपासून पडत जातो आणि तीन वर्षं कळतच नाही. तो कसा पडू द्यायचा नाही एवढंच मला सांगता येतं.

पायरी १ : विषय भरताना गणित सोडू नका

आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह असलं सगळं आलंय. तीन वर्षांच्या डिग्रीला १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. फॉर्म भरताना मित्र काय घेतोय ते बघून मायनर निवडणारे ढिगानं आहेत. मेजर फिजिक्स असेल तर मायनर गणित घ्या, दुसरा विचार करू नका. इलेक्ट्रॉनिक्स भारी वाटतं, स्कोअरिंग पण असतं, पण इलेक्ट्रॉनिक्स नंतर यूट्यूब बघून आणि सर्किट जोडून शिकता येतं, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन एकट्यानं नंतर शिकणं फार जड जातं. आमच्या वर्गात ज्यांनी गणित सोडलं ते टीवायला क्वांटमच्या पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावर गेले.

कुणी बारावीतच असताना हे वाचत असेल तर त्याच्यासाठी वेगळा रस्ता पण आहे. पुण्यात पाषाणला आयसर आहे, विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन करणारी केंद्रीय संस्था, पाच वर्षांचा बीएस-एमएस, त्याला आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातलं सीईबीएस या तसल्याच संस्थांना नेस्ट ही परीक्षा. मला ही नावं टीवायला कळली, तोवर गाडी गेलेली.

पायरी २ : पहिला महिना फक्त गणिताची डागडुजी

कॉलेज सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस काही होत नाही, ॲडमिशनच्या फेऱ्या चालू असतात, निम्मा वर्ग यायचा असतो. हे दिवस कँटीनला घालवू नका. बारावीचं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन हात न अडखळता यायला पाहिजे. मग टेलर सिरीज, म्हणजे अवघड फंक्शन साध्या साध्या टर्मच्या बेरजेत मोडायची युक्ती. ही एक गोष्ट आली की निम्मं फिजिक्स उघडतं, कारण फिजिक्सवाले लोक जे गणित सुटत नाही ते थोडंसं खोटं करून सोडवतात. लंबकात थीटा लहान असला की साइन थीटाच्या जागी थीटा टाकतात ते काय आहे, टेलरची पहिली टर्म. आणि ते किती चालतं ते कॅल्क्युलेटरवर करून बघा, १० अंशाला चूक अर्धा टक्का, ३० अंशाला साडेचार टक्क्यांच्या पुढं. हे एकदा स्वतः काढलंत की प्रॅक्टिकलला सर "लंबक जास्त ओढू नको" म्हणून का ओरडतात ते सांगावं लागत नाही.

त्यानंतर व्हेक्टर. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल ही तीन भुतं. आम्हाला ती फळ्यावर मोठ्या मोठ्या ब्रॅकेटमध्ये शिकवली आणि आम्ही ती पाठ केली. कर्ल म्हणजे वाहत्या पाण्यात त्या जागी कागदाचं भिरभिरं धरलं तर ते फिरेल का, आणि डायव्हर्जन्स म्हणजे त्या बिंदूतून निव्वळ किती बाहेर पडतंय, हे मला एमएस्सीला एका सीनिअरनं हॉस्टेलच्या बेसिनपाशी सांगितलं. तीन वर्षं उशिरा.

इंग्रजीचं टेन्शन ज्यांना आहे त्यांच्यासाठी. मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम. वस्तुमान, संवेग, जडत्व हे सगळं डोक्यात मराठीत पक्कं होतं आणि तोच माझा पाया होता, त्याची लाज बाळगायचं काही कारण नाही. मी काय केलं, वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने केले, डावीकडं संवेग उजवीकडं मोमेंटम, डावीकडं अपवर्तन उजवीकडं रिफ्रॅक्शन. दिवाळीपर्यंत पान भरलं आणि त्यानंतर त्या पानाकडं बघायची वेळ फारशी आली नाही. फिजिक्सचं इंग्रजी लई थोडं असतं, तीच तीच शे-दोनशे वाक्यं फिरून फिरून येतात. पण विचार मराठीत करा, लिहा इंग्रजीत. मी अजून तेच करते.

पायरी ३ : लेक्चर

बसा. पहिल्या तीन बाकांत बसा. फळ्यावरचं उतरवून घेताना मध्ये जिथं कळलं नाही तिथं समासात प्रश्नचिन्ह काढा आणि संध्याकाळी फक्त ती प्रश्नचिन्हं बघा. याच्यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही, काही सर भारी शिकवतात, काही नोट्स डिक्टेट करतात, तुमच्या नशिबात काय येईल ते येईल.

पायरी ४ : न्यूमेरिकल, म्हणजे खरा अभ्यास

आता मुद्द्यावर येते. विद्यापीठाच्या पेपरात डेरिव्हेशनला भरपूर मार्क असतात आणि मागचे पाच वर्षांचे पेपर बघितले तर तीच डेरिव्हेशन आलटून पालटून येताना दिसतात. साहजिकच पोरं वीस डेरिव्हेशन पाठ करतात. मी पण केली. मला हायड्रोजन ॲटमचं अख्खं सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स झोपेत लिहिता यायचं, पण कुणी विचारलं असतं की इलेक्ट्रॉन तिसऱ्या लेव्हलवरून दुसरीवर आला तर कोणत्या रंगाचा प्रकाश निघेल, तर मी गप्प. आणि ते दोन मिनिटांचं काम आहे बघा. १३.६ ला चारनं भागा, ३.४. नऊनं भागा, १.५१. वजाबाकी १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आता १२४० ला १.८९ नं भागा, ६५६ नॅनोमीटर, लाल. झालं.

तो १२४० चा आकडा आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे १२४० इलेक्ट्रॉन व्होल्ट नॅनोमीटर. दुसरा आकडा, खोलीच्या तापमानाला के-टी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान) म्हणजे साधारण एक चाळीसांश इलेक्ट्रॉन व्होल्ट. या दोन आकड्यांनी मला जितके मार्क मिळवून दिले तितके कुठल्या डेरिव्हेशननं दिले नाहीत.

न्यूमेरिकल कसं करायचं ते सांगते कारण हे पण कोणी शिकवत नाही. आधी चित्र. कितीही सोपं असो, चित्र काढायचं, बाण काढायचे. मग आकडे न टाकता अक्षरांतच शेवटपर्यंत जायचं, पहिल्याच ओळीत ९.८ टाकलं की पुढं काय चुकलं ते सापडत नाही. उत्तर आलं की एकक तपासायचं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, टोकं तपासायची. समजा कप्पीवर दोन्ही बाजूंना दोन वजनं टांगलीत, उत्तर आलं की त्वरण म्हणजे वजनांच्या वजाबाकीला बेरजेनं भागून गुणिले जी. आता दोन्ही वजनं सारखी करा, त्वरण शून्य यायला पाहिजे, येतंय. एक वजन काढूनच टाका, दुसरं मोकळं पडायला पाहिजे, जी यायला पाहिजे, येतंय. आता उत्तर बघायला पुस्तकाच्या मागं जायची गरज नाही. ही सवय लागली ना की परीक्षेत चार पर्यायांतले दोन तर नुसते टोकं तपासून उडतात, मी एकदा अख्खा प्रश्न न सोडवता असाच बरोबर केलाय, पण ते कुणाला सांगू नका.

रोज तीन. तीनच, पण रोज. आणि सुटलं नाही तर किमान पाऊण तास उत्तर बघायचं नाही. हा पाऊण तास फार त्रासाचा असतो, आपण मठ्ठ आहोत असं वाटतं, मोबाईल हातात घ्यावासा वाटतो. मी एसवायला असताना एक प्रश्न चार दिवस डोक्यात घेऊन फिरत होते, एसटीत उभी असताना सुटला, आणि तिकीट काढायला कंडक्टर समोर उभा आणि मी त्याच्याकडं बघून हसतेय.

पुस्तकं कोणती, हे सगळे विचारतात. एफवायला एच. सी. वर्मांची दोन पुस्तकं तुमच्याकडं असतीलच बारावीची, ती टाकून देऊ नका, त्यातल्या प्रश्नांना अर्ध्याहून जास्त मुलांनी हातच लावलेला नसतो. पुढं इलेक्ट्रोडायनॅमिक्स आणि क्वांटम दोन्हीला ग्रिफिथ्स, लायब्ररीत मिळतं, भाषा गप्पा मारल्यासारखी आहे. जुनी पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात बघा. गाईड घ्यायचं तर परीक्षेच्या आधी पंधरा दिवस घ्या, ते पेपरसाठी असतं आणि त्या कामाला ते चांगलं असतं, मी काय गाईडला शिव्या घालणाऱ्यांतली नाही.

पायरी ५ : प्रॅक्टिकल

याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण माझी भाकरी याच्यावर चालते. आणि याच्याइतकं दुर्लक्ष कशाकडंच होत नाही.

कसं चालतं ते आधी. चौघांचा ग्रुप, एक उपकरण. एक मुलगा रीडिंग घेतो, एक मुलगी लिहिते, उरलेले दोघं खिडकीतून बघतात. मागच्या वर्षीचं जर्नल ग्रुपवर फिरत असतं, रीडिंग जमली नाहीत तर त्यातली थोडी हलवून टाकायची, जर्नल सर्टिफाय झालं की सुटलो. आमच्या कॉलेजात एका वर्षी सोळा जणांच्या जर्नलमध्ये प्लँकचा स्थिरांक दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत सारखा होता, आणि उपकरणातला एक एलईडी तर दोन महिने जळालेला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फक्त चष्म्यावरून बघितलं.

म्हणून पहिला नियम, ग्रुपमध्ये उपकरणाला हात लावणारा माणूस तुम्ही व्हा. थोडं भांडावं लागतं, भांडा.

दुसरा, जायच्या आधी उत्तर किती यायला पाहिजे ते काढून जा. न्यूटन्स रिंग्जचं उदाहरण घेते, म्हणजे सपाट काचेवर लेन्स ठेवली की दिसणाऱ्या काळ्या-उजळ रिंगा. सोडियमचा प्रकाश ५८९३ अँगस्ट्रॉम, लेन्सची वक्रता त्रिज्या समजा एक मीटर, तर दहाव्या काळ्या रिंगचा व्यास किती? व्यासाचा वर्ग म्हणजे चार गुणिले दहा गुणिले लॅम्डा (प्रकाशाची तरंगलांबी) गुणिले त्रिज्या, उत्तर ४.९ मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे मायक्रोस्कोपखाली जे बघायचंय ते सगळं अर्ध्या सेंटिमीटरात आहे. हे माहीत असलं की उगाच फिरवत बसत नाही माणूस. रिंगा दिसल्या आणि मधला ठिपका काळा नसून उजळ आहे, तर लेन्स आणि काच यांच्यामध्ये धूळ अडकलीय, नीट पुसा. आणि पुसलं तरी तो संपर्क कधीच शंभर टक्के नीट नसतो, म्हणूनच एका रिंगवरून उत्तर काढायचं नाही, दोन रिंगांच्या व्यासाच्या वर्गांची वजाबाकी घ्यायची, मधला घोळ आपोआप कटतो. त्याहून चांगलं म्हणजे ग्राफ काढून स्लोप. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो, "वजाबाकी का घेता?", आणि बहुतेक जण सांगतात की फॉर्म्युल्यात आहे म्हणून.

मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेनं फिरवा. डावीकडून सुरू केलं तर शेवटपर्यंत उजवीकडंच जा, चुकून पुढं गेलात तर तसंच मागं येऊ नका, बरंच मागं जाऊन परत त्याच दिशेनं या. स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी मोकळीक असते, दिशा बदलली की स्क्रू फिरतो पण मायक्रोस्कोप हलत नाही, त्याला बॅकलॅश एरर म्हणतात. मी आज ज्या मशीनवर काम करते त्याची किंमत आमच्या अख्ख्या लॅबपेक्षा जास्त आहे आणि पहिल्या दिवशी तिथल्या साहेबांनी मला हेच बॅकलॅशचं सांगायला सुरुवात केली, मी म्हटलं सर माहितीय.

सोडियमचा दिवा लावला की लगेच पिवळा होत नाही, आधी लालसर दिसतो, पाच-दहा मिनिटं लागतात. आल्या आल्या आधी दिवा लावा आणि मग बॅग ठेवा. आणि मध्येच बंद-चालू करत बसू नका, गरम दिवा लगेच परत पेटेलच असं नाही आणि सर लगेच पेटतात.

स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजायचं यंत्र. याला पोरं घाबरतात कारण चार-पाच स्क्रू असतात आणि काहीच दिसत नाही. क्रमानं जा. दुर्बीण आधी खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडावर किंवा टाकीवर फोकस करा, म्हणजे ती समांतर किरणांना सेट झाली, आता तो फोकस परत हलवायचा नाही. मग दुर्बीण कॉलिमेटरसमोर (दिव्याचा प्रकाश स्लिट नावाच्या बारीक फटीतून आत घेणारी नळी) आणून कॉलिमेटर असा हलवा की स्लिट धारदार दिसेल. स्लिट बारीक ठेवा, जाड स्लिट म्हणजे जाड चूक. प्रिझम ठेवल्यावर लाइन कुठं शोधायची? साठ अंशाचा प्रिझम आणि साधी काच असेल तर मिनिमम डेव्हिएशन, म्हणजे किरण कमीत कमी जेवढा वळतो तो कोन, ३७ अंशाच्या आसपास, जड फ्लिंट काच असेल तर ४८ पर्यंत जातं, तेवढ्याच भागात शोधा. दोन्ही व्हर्निअर वाचायच्या, त्या समोरासमोर १८० अंशावर मुद्दाम दिलेल्या असतात, तबकडीचा मध्य आणि फिरायचा मध्य एक नसला तर होणारी चूक सरासरीत निघून जाते. आणि एक चूक जी मी स्वतः दोन वेळा केलीय, ३७ अंश ३० मिनिटं म्हणजे ३७.५, ३७.३ नाही! दुसऱ्यांदा केली तेव्हा सरांनी जर्नल बंद करून परत दिलं, काही बोलले पण नाहीत.

एरर. या शब्दाला चूक म्हणतात म्हणून सगळे लपवतात. लंबकाचं बघा, एक मीटर दोरी, एक झोका दोन सेकंदांचा. स्टॉपवॉच दाबताना बोटाची गडबड साधारण ०.२ सेकंद. एकच झोका मोजला तर दहा टक्के चूक, आणि जी काढताना काळाचा वर्ग असतो म्हणून वीस टक्के, म्हणजे तुमचा जी ८ पण येईल नाहीतर १२ पण येईल. वीस झोके मोजा, चाळीस सेकंदांत तेच ०.२, अर्धा टक्का, जी मध्ये एक टक्का. दोरी तीच आणि घड्याळ पण तेच. माझ्या जर्नलात एकदा ९.६ आलं होतं, मी ते ९.८ करायला निघाले होते, मॅडम म्हणाल्या राहू दे, का आलं ते लिही. मी शोधलं तर लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्याच धरली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी फिजिक्स केलं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला एकच सांगते, मल्टिमीटर करंटच्या मोडवर ठेवून सप्लायच्या दोन टोकांना लावू नका, फ्यूज उडतो. आणि सर्किट चालत नसेल तर आधी मल्टिमीटरवरच शंका घ्या, कारण तुमच्या आधीच्या बॅचनं तेच केलेलं असतं.

पायरी ६ : विद्यापीठाचा पेपर

इतकं बोलून सुद्धा मार्क पाहिजेतच, पुढच्या ॲडमिशनला टक्केवारी बघतात. तर डेरिव्हेशन करा, पण पाठ करू नका, प्रत्येक ओळीच्या पुढं समासात "का" लिहा आणि त्याचं उत्तर द्या. ज्या ओळीला उत्तर नाही ती ओळ तुम्ही परीक्षेत विसरणार. शेवटचा महिना मागचे पेपर वेळ लावून. आकृत्या पेन्सिलनं, नावं दिलेली. इंटर्नलचे मार्क कुणी फुकट सोडू नका, तिथं नुसतं वेळेवर असाइनमेंट दिली तरी मिळतात. बस.

पायरी ७ : जेव्हा काहीच कळत नाही

हे ठरलेल्या वेळी येतं, गोवरासारखं. बहुतेकांना एसवायच्या शेवटी नाहीतर टीवायला क्वांटम सुरू झालं की. तोवर सगळं डोळ्यांसमोर दिसत असतं, चेंडू, स्प्रिंग, तार. आणि मग वेव्ह फंक्शन येतं आणि दिसायचं बंद होतं. मी दोन महिने हॉस्टेलवर रोज ठरवायचे की एमपीएससी करू. वर्गातल्या दोघी तेव्हा खरंच गेल्या, एक आज पीएसआय आहे, छान चाललंय तिचं.

माझं काय झालं तर मी कळायची वाट बघणं सोडलं आणि आकडे टाकायला लागले. एक नॅनोमीटरच्या डब्यात एक इलेक्ट्रॉन, सगळ्यात खालची ऊर्जा किती, ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. डबा अर्धा केला तर चौपट, दीड. डबा एक सेंटिमीटरचा केला तर इतकी कमी की मोजता येणार नाही, म्हणूनच आपल्याला रोजच्या जगात हे पायऱ्या-पायऱ्यांचं प्रकरण दिसत नाही. असं वीस-पंचवीस वेळा केल्यावर ती गोष्ट ओळखीची झाली. कळली का? माहीत नाही, पण शेजारणीसारखी ओळखीची झाली, आणि तेवढ्यावर काम चालतं.

ग्रुप करा, दोघं-तिघं पुरे. एकमेकांना फळ्यावर शिकवायचं. जिथं अडखळता तिथं तुम्हाला येत नसतं, इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

पायरी ८ : कॉलेजच्या बाहेर पडा

महाराष्ट्रात असून हे बघितलं नाही तर काय उपयोग. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मध्ये जवळजवळ आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. गोविंद स्वरूप यांनी हे उभं केलं, आणि भरीव पत्र्याऐवजी स्टीलच्या तारांची जाळी ताणून बसवली, रेडिओ लहरी लांब असतात त्यांना ती जाळीही आरशासारखीच, वारा मात्र आरपार जातो. शाळेत असताना मला वाटलं होतं काम अपुरं राहिलंय. २८ फेब्रुवारी, म्हणजे १९२८ साली रामन परिणाम सापडला तो दिवस, विज्ञान दिन, त्याच्या आसपास तिथं मोठं प्रदर्शन भरतं, पोरं स्वतः केलेले प्रयोग मांडतात. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, नारळीकर सरांनी उभी केलेली, तिथंही विज्ञान दिनाला गर्दी असते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो होतंय, गुरुत्वलहरी पकडायला. मराठवाड्यातल्या पोरांनो, तुमच्या दारात येतंय ते.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचा एनआययूएस म्हणून कार्यक्रम असतो, बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी. कुलाब्याच्या टीआयएफआरचा (मूलभूत संशोधन करणारी संस्था) उन्हाळ्यातला विद्यार्थ्यांसाठीचा व्हीएसआरपी, आणि विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप. यांच्या जाहिराती साइटवर येतात, कॉलेजच्या नोटीस बोर्डवर येतीलच असं नाही, आल्या तरी तारीख उलटून गेल्यावर. आपल्या छोट्या कॉलेजला कोण घेणार असं म्हणून फॉर्मच भरत नाही आपण, मी तीन वर्षं भरला नाही. एमएस्सीला गेल्यावर कळलं की माझ्याच शेजारच्या तालुक्यातली एक मुलगी दोनदा जाऊन आली होती.

पायरी ९ : पुढच्या परीक्षा, आणि त्यांची तयारी कधी

एमएस्सीला आयआयटीत जायचं तर जॅम. तीन तास, साठ प्रश्न, शंभर मार्क. तीस प्रश्न एकच पर्याय बरोबरवाले, त्याला निगेटिव्ह आहे. दहा प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि वीस प्रश्नांत आकडाच लिहायचा, या दोन्हींना निगेटिव्ह नाही, म्हणजे हे तीस मोकळे सोडून यायचे नाहीत. याच स्कोअरवर एनआयटी पण मिळतात आणि बंगळूरच्या आयआयएस्सीचा इंटिग्रेटेड पीएचडी सुद्धा. पेपर फेब्रुवारीत असतो आणि फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुटतात, आणि हे सगळं टीवायच्या मध्येच येतं. त्यामुळं तयारी एसवायच्या उन्हाळी सुट्टीत सुरू करायची. मी टीवायच्या दिवाळीत केली, निकाल वर सांगितलाच आहे.

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. संशोधनात जायचं तर जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. एमएस्सीनंतर नेट, गेट, आणि आपल्याकडं प्राध्यापकीसाठी सेट. सगळ्यांचे जुने पेपर फुकट मिळतात, क्लासची फी भरायच्या आधी ते तरी सोडवून बघा.

नोकरीचं खरं सांगते. नुसत्या बीएस्सीवर फिजिक्सची नोकरी कठीण आहे, काहीतरी जोडावं लागतं. पायथन शिका, एफवायलाच, प्रॅक्टिकलचे ग्राफ त्यावर काढायला सुरुवात करा म्हणजे वेगळा वेळ लागत नाही. वर्गातले निम्मे आज डेटा नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, काही बीएड करून शाळेत. एक मित्र एमएस्सीनंतर बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट झाला, रेडिएशनचा डोस मोजायचं काम, या रस्त्याबद्दल बीएस्सीच्या पोरांना कोणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि मी लेन्स तपासते, म्हणजे रोज रिंगा मोजते. इंटरव्ह्यूला मला क्वांटमचं काहीच विचारलं नाही, टेबलावर एक लेन्स आणि काच ठेवली आणि म्हणाले, रिंगा वेड्यावाकड्या दिसतायत, का ते सांगा.

मामेभावाचं कॉलेज सुरू झालंय. काल दुपारी लॅबमधूनच फोन, आवाज हळू करून, "ताई, स्पेक्ट्रोमीटरमध्ये काहीच दिसेना, नुसता अंधार, सर चहाला गेलेत." मी विचारलं दिवा लागलाय का, म्हणाला पिवळाजर्द. दुर्बीण सरळ आहे का, आहे. म्हटलं कॉलिमेटरच्या टोकाला एक बारका स्क्रू असेल, स्लिटचा, तो थोडा फिरव. दोन सेकंद शांतता आणि मग, "आयला."